एक डोळा झाकून

मुलाला कमी दिसत असेल तर ते त्याला स्वतःला कळत नाही. शाळेच्या आवारातल्या लिंबाची पानं सुटी सुटी असतात, त्यांच्या कडा दातेरी असतात, वारा सुटला की प्रत्येक पान वेगळं हलतं, हे ज्याने कधी पाहिलेलंच नाही त्याच्यासाठी झाड म्हणजे खोडावर ठेवलेला हिरवा ढीग. चाळिशी लागलेला माणूस पेपर लांब धरतो आणि कुरकुरतो, कारण काल कसं दिसत होतं ते त्याला आठवत असतं. चार वर्षांच्या मुलाकडे असा काल नसतो. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं.

त्यातही दोन्ही डोळ्यांना कमी दिसत असेल तर निदान काही खुणा सापडतात. मूल टीव्हीला नाक लावून बसतं, वही तोंडाशी नेतं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं. एकच डोळा कमकुवत असेल तर यातलं काहीही होत नाही. चांगला डोळा दोघांचं काम ओढतो. मूल पळतं, सायकल शिकतं, बाराखडी गिरवतं. आईच्या लक्षात येत नाही, अंगणवाडीताईंच्या येत नाही, शाळेतल्या बाईंच्याही येत नाही. म्हणून लहान मुलांच्या डोळ्यांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं एवढ्याशा कृतीभोवती फिरतं: एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याला काय दिसतं ते विचारायचं. मग बाजू बदलायची.

डोळा घेऊन मूल जन्माला येतं, पण नजर पुढे घडत जाते. सहा-आठ आठवड्यांचं बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवायला लागतं. तिसऱ्या महिन्यात खुळखुळा फिरेल तिकडे डोळे फिरतात. पहिले काही महिने डोळे अधूनमधून इकडेतिकडे भरकटले तर काळजीचं कारण नाही. चार-सहा महिन्यांनंतरही एक डोळा आत किंवा बाहेर जात असेल तर आहे. या काळात मेंदू दोन्ही डोळ्यांकडून येणारी चित्रं जुळवायला शिकत असतो, आणि हे शिकणं साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र आलं तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे मिटलेला ठेवून हे दाखवून दिलं. डोळा नंतर उघडला, तो निरोगीच होता, पण मेंदूतल्या त्याच्या वाटच्या पेशी दुसऱ्या डोळ्याने घेतल्या होत्या. त्या कामाला १९८१ साली नोबेल मिळालं.

याला लोक ‘आळशी डोळा’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. आळस ना मुलाचा असतो ना डोळ्याचा. त्या डोळ्याला शिकायची संधी मिळाली नाही, एवढंच. मंददृष्टी हा शब्द बरा. तिची कारणं मुख्यतः तीन. डोळा तिरळा असणं, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असणं, आणि बाहुलीच्या वाटेत काही आडवं येणं, म्हणजे जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली उतरलेली पापणी. यांतलं मधलं कारण सगळ्यांत लपून राहतं. समजा उजव्या डोळ्याचा नंबर +१ आहे आणि डाव्याचा +४. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग मऊ असतं, ते ताण देऊन थोडा धन नंबर भागवून नेतं. पण दोन्ही डोळ्यांची भिंगं एकदमच ताणली जातात. उजव्याला हवा तेवढा ताण दिला की चित्र स्पष्ट, आणि मेंदू तिथेच थांबतो. डावा कायम तीन नंबरांनी मागे. बाहेरून बघावं तर दोन्ही डोळे सरळ, काळेभोर, सुंदर.

तिरळेपणा निदान दिसतो. तरी तिथेही आपण वेळ घालवतो. थोडी तिरळी नजर नशिबाची असते असं म्हणणारे अजून भेटतात, आणि ‘मोठा झाला की जाईल’ असं म्हणणारे तर घरोघरी. काही बाळांचं नाक बसकं असतं, नाकाशी कातडीची घडी असते, त्यामुळे डोळे सरळ असूनही आत वळल्यासारखे वाटतात. ते खरोखर वयाबरोबर जातं. फरक कसा ओळखायचा? हातभर अंतरावरून, समोरून टॉर्चचा मंद उजेड दाखवा आणि बाहुलीत चमकणारा ठिपका बघा. दोन्ही डोळ्यांत तो एकाच जागी, जवळपास मध्यावर असेल तर डोळे बहुधा सरळ आहेत. एकात मध्यावर आणि दुसऱ्यात कडेला सरकलेला असेल तर वाट बघू नका. काही मुलांचा डोळा दमल्यावर किंवा तापातून उठल्यावरच बाहेर जातो. अशी मुलं भर उन्हात एक डोळा मिटून घेतात. आपल्याकडे ऊन इतकं असतं की ही सवय कोणाला खटकतच नाही.

तीन वर्षांच्या मुलाची नजर घरीही चाचपता येते. त्याच्या आवडीचं चित्र समोर ठेवा आणि तळहाताने एक डोळा झाका, मग दुसरा. एका बाजूला मूल मजेत बघतं आणि दुसरी बाजू झाकली की हात ढकलतं, रडतं, मान बाजूला काढतं, असं पुन्हा पुन्हा झालं तर त्याने आपल्याला उत्तर दिलेलं असतं: जो डोळा झाकू देत नाही, त्यावर त्याची सगळी भिस्त आहे. ही काही तपासणी नव्हे, ती पुढची पायरी. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरं येत नसली तरी सफरचंद, घर, गोल आणि चौकोन ही चार चित्रं येतात. तीन मीटरवर तक्ता, मुलाच्या मांडीवर तीच चार चित्रं असलेलं कार्ड, आणि ‘तिकडे कोणतं आहे ते इथे दाखव’ एवढाच खेळ. नजर अपूर्णांकात लिहितात: ६/१५ म्हणजे निरोगी डोळ्याला जे पंधरा मीटरवरून ओळखू येतं ते सहा मीटरवर आल्यावरच दिसणं. तीन वर्षांच्या मुलाने ६/१५ पर्यंत, चार वर्षांच्याने ६/१२ पर्यंत, पाच वर्षांच्याने ६/९ च्या आसपास पोचावं. आणि दोन डोळ्यांत तक्त्यावरच्या दोन ओळींचा फरक निघाला तर आकडे चांगले असले तरी डॉक्टरांना दाखवायचं.

पहिलीपासून पुढे ‘ई’चा तक्ता. इंग्रजी ई वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तोंड करून छापलेला असतो आणि मुलाने हाताची तीन बोटं तशीच धरून दाखवायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तेव्हापासून त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. एका दिवसात त्यांना उंची, वजन, दात, कान, हृदय, त्वचा सगळं बघायचं असतं. डोळ्यांना त्यातली मिनिटं किती मिळणार? पथक येण्याआधी शाळेनेच नजर तपासून नावं काढून ठेवली, तर पथकाचा वेळ खरी गरज असलेल्या मुलांना मिळतो. यासाठी शिक्षकाला डॉक्टर व्हायला लागत नाही. मात्र काम नेमकं करावं लागतं, कारण ही तपासणी फार सहज बिघडते.

आधी अंतर. सहा मीटर म्हणजे सहा मीटर. पावलांनी मोजलेलं नव्हे. शिंप्याच्या टेपने मोजून दोरी कापा, एक टोक तक्त्याखाली, दुसरं टोक मुलाच्या टाचेशी, आणि तिथे फरशीवर खडूने रेघ मारा. वर्ग लहान असेल तर व्हरांडा घ्या. पाच मीटरवर उभं केलं तर ज्या मुलाची नजर ६/११ च्या जवळपास आहे तेही ६/९ ची ओळ म्हणून दाखवेल आणि सुटेल. मग तक्त्याचा आकार. तक्ते झेरॉक्स करून वाटले जातात आणि यंत्र नकळत लहान-मोठं करतं. पट्टी लावून बघा: ६/९ च्या ओळीतला ई तेरा मिलिमीटर उंच हवा, सगळ्यांत वरचा ६/६० चा सुमारे सत्त्याऐंशी. नसेल तर तो तक्ता टाकून द्या. उजेड तक्त्यावर पडावा, मुलाच्या डोळ्यांवर नव्हे. खिडकीच्या शेजारी तक्ता लावला तर मूल उजेडाकडे बघत राहतं. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला.

आता झाकणं, म्हणजे सगळ्यात कच्चा दुवा. मुलाला ‘डोळा झाक’ सांगितलं की ते बोटं फाकवून त्यांतून बघतं. लबाडी नसते ती. चुकलं तर बाई रागावतील ही भीती असते. किंवा तळहात डोळ्यावर इतका दाबतं की पुढे तोच डोळा तपासताना मिनिटभर धुरकट दिसतं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा द्या, किंवा दुसऱ्या मुलाला मागे उभं करून त्याच्या तळहाताची ओंजळ करायला सांगा. ज्या डोळ्याबद्दल शंका असेल तो आधी तपासा, कारण चांगल्या डोळ्याने ओळ एकदा बघितली की ती पाठ होते. रांगेत उभी असलेली मुलंही ऐकून पाठ करतात, म्हणून रांग दाराबाहेर. प्रत्येक डोळ्याला ६/९ च्या आकाराचा ई चार वेळा, चार वेगळ्या दिशांनी विचारा; निदान तीन बरोबर यायला हवेत. नुसत्या अंदाजाने चारपैकी तीन बरोबर येण्याची शक्यता साधारण वीसांत एक असते, म्हणून जिथे मूल विचारात पडतं तिथे पुन्हा एकदा विचारावं. मूल डोळे बारीक करत असेल, मान वाकडी करत असेल तर तेही नावापुढे लिहा. आणि ज्याला चष्मा आहे त्याला चष्मा लावूनच तपासा. हे सगळं नीट केलं तर एका मुलाला दोन-अडीच मिनिटं लागतात. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन दिवसांचे मधले तास पुरतात.

ज्यांची नावं निघाली त्यांनी कुठे जायचं, इथे खरी गळती होते. आपल्या सांगली-सातारा भागात ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, पुढे साताऱ्याला जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेला शासकीय रुग्णालय. मिरज तर १८९४ सालापासून दवाखान्यांचं गाव. पण जत किंवा माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून तिथवर यायचं तर आई-बापाची दिवसभराची मजुरी बुडते, आणि मूल तर चांगलं खेळताना दिसतंय. त्यामुळे शाळेने चिठ्ठी देताना ‘डोळे तपासा’ एवढंच लिहू नये. कोणता डोळा, कोणत्या ओळीपर्यंत, कोणत्या दिवशी कुठे जायचं, आणि औषध घालून तपासायला दोन खेपा लागू शकतात, हे लिहावं. दुसऱ्या खेपेची कल्पना नसली की लोक पहिलीवरच थांबतात.

दुसरी खेप का लागते ते सांगायला हवं, कारण मुलाचा नंबर मोठ्या माणसासारखा काढता येत नाही. वर म्हटलं तसं मुलाचं भिंग ताण देतं. चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रात हनुवटी टेकवून मूल आतलं चित्र बघतं तेव्हाही ते ताण देत असतं, आणि यंत्र तो ताण ऋण नंबर म्हणून छापतं. खरा नंबर +३ असलेल्या मुलाला -१ चा कागद हातात मिळू शकतो. तो चष्मा लावला की डोकं दुखतं, मूल चष्मा फेकतं, आणि घरचे म्हणतात, याला चष्म्याची सवयच होत नाही. म्हणून आधी भिंगाचा ताण औषधाने सोडवतात. मोठ्या मुलांना दवाखान्यातच थेंब घालून तासाभरात तपासता येतं. लहानांना, विशेषतः डोळा आत वळत असेल तर, बहुतेक वेळा ॲट्रोपिनचं मलम घरी लावायला देतात, साधारण तीन दिवस, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. खालची पापणी हळूच ओढून तांदळाच्या दाण्याएवढं मलम आत सोडायचं, डोळा मिटवून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. उरलेलं पुसून घ्यायचं. लगेच हात धुवायचे, नाहीतर तोच हात आईच्या डोळ्याला लागतो आणि तिची बाहुली मोठी होते. तपासणीच्या दिवशी सकाळी लावायचं की नाही, ते विचारून घ्यावं. चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, मूल बरळायला लागलं, तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. एरवी बाहुल्या मोठ्या राहतात आणि जवळचं धूसर दिसतं, तेही दहा-चौदा दिवस. टोपी घाला, शाळेत सांगून ठेवा. डोळे बिघडले म्हणून घाबरून जाऊ नये.

मग अंधाऱ्या खोलीत डॉक्टर किंवा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढणारे तज्ज्ञ, रेटिनोस्कोपने उजेडाची पट्टी बाहुलीवर फिरवतात आणि परत येणाऱ्या तांबूस उजेडाची चाल बघून नंबर काढतात. मुलाने एक शब्दही बोलायची गरज नसते. सहा महिन्यांच्या बाळाचाही नंबर असा निघतो. ‘अजून बोलत नाही, मग डोळे कसे तपासणार’ ही शंका मनातून काढून टाकावी.

चष्म्याबद्दल दोनच गोष्टी, पण महत्त्वाच्या. आपण मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घेतो. चष्मा तसा घेता येत नाही. मोठी फ्रेम नाकावरून घसरते, मूल काचेवरून बघतं आणि काचेचा मध्य बाहुलीसमोर राहत नाही. नाकावर बसणारी, कानामागे वळणारी किंवा पट्ट्याने बांधायची लहान फ्रेम, आणि काच पॉलीकार्बोनेटची, कारण ती फुटून डोळ्यात जात नाही. तिला ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून पदराने कोरडी पुसायची नाही; पाण्याखाली धरून मऊ फडक्याने. दुसरं, ज्या मुलाचा डोळा आत वळतो त्याला धन नंबरचा चष्मा दिल्यावर डोळा सरळ दिसतो आणि चष्मा काढला की पुन्हा वळतो. लोक याचा उलटा अर्थ लावतात: चष्म्यानेच डोळा बिघडला. तसं नसतं. चष्मा डोळ्याचा ताण काढून घेतो म्हणून तो सरळ राहतो. झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा डोळ्यावरच हवा.

मंददृष्टी असेल तर पुष्कळदा आधी काही आठवडे नुसता चष्मा लावतात, आणि काही मुलांची नजर तेवढ्यानेच सुधारते. राहिलं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम प्रकारात रोज दोन तास, तीव्र असेल तर सहा तास किंवा डॉक्टर ठरवतील तेवढं. पट्टी कातडीला चिकटणारी हवी. चष्म्याच्या काचेवर कागद चिकटवून भागवलं की मूल कडेने डोकावतं आणि मेहनत वाया जाते. पट्टी कातडीवर, तिच्यावर चष्मा. घाम येऊन पुरळ उठतं म्हणून चिकटणारी बाजू रोज थोडी वळवून लावावी, आणि काढताना कडा ओल्या करून सावकाश काढावी. पट्टी लावलेल्या वेळात जवळचं बारीक काम द्या: ज्वारी-तांदूळ निवडणं, मणी ओवणं, चित्रातल्या रेघांवर गिरवणं, सागरगोटे. सुरुवातीला मूल रडतं, धडपडतं, पट्टी ओढतं, कारण आपण त्याची एकमेव चांगली नजर काढून घेतलेली असते. ते त्याचं लाडावलेपण नसतं. या दोन तासांत कुणीतरी मोठं माणूस त्याच्याजवळ बसलेलं असावं. घरात आजी असेल तर ती हे काम फार चांगलं करते, पण तिला पट्टीचं कारण नीट समजावून सांगा. नाहीतर नातवाच्या रडण्याने तिचा जीव कळवळतो आणि दहा मिनिटांत पट्टी निघते. सहा-आठ आठवड्यांनी तपासणी चुकवायची नाही, कारण फार वेळ झाकलेला चांगला डोळाही मागे पडू शकतो. आणि नजर आली म्हणून एकदम बंद करायची नाही. पट्टी थांबवल्यावर साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांत वर्षभरात नजर पुन्हा उतरते, म्हणून तास हळूहळू कमी करतात. सात वर्षांनंतर काहीच होत नाही असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. उशीर झाला तर मेहनत जास्त आणि मिळतं कमी, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांतही सुधारणा झालेली आहे.

काही गोष्टी मात्र चार वर्षं थांबत नाहीत. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा, आणि अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर त्याही आधी, दोन-तीन आठवड्यांत. पडद्याच्या रक्तवाहिन्या अजून पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढून सुटतो. उपचार लागलाच तर तो दोन-तीन दिवसांत करावा लागतो, आठवड्यांत नव्हे. काचेच्या पेटीतून बाळ वाचून घरी आलं की घर आनंदात असतं, बाराव्याचं बारसं राहिलेलं असतं ते करायचं असतं, आणि डिस्चार्ज कार्डावरची डोळे तपासण्याची तारीख कुणी वाचत नाही. आशाताईंनी पहिल्या भेटीत ती तारीख मोठ्याने वाचून दाखवावी. आणि कोणत्याही बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. फोटोच्या कोनामुळेही कधी असं होतं, पण मागे मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचा कर्करोगही असू शकतो, आणि तो लवकर सापडला तर मूल वाचतं. एका डोळ्याच्या जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहाव्या आठवड्याच्या सुमाराला व्हावी लागते; सव्वा महिना उलटू दे म्हणण्याइतका वेळ तिथे नसतो. डोळ्यातून सारखं पाणी येत असेल तर बहुधा अश्रूंची नळी बंद असते आणि नाकाच्या कोपऱ्यावर दिवसातून तीन-चार वेळा मालीश करून बहुतेक मुलांत वर्षाच्या आत ती उघडते. पण पाण्याबरोबर डोळा मोठा दिसत असेल आणि बाळ उजेड सहन करत नसेल तर तो काचबिंदू असू शकतो. ‘केवढे मोठे डोळे’ म्हणून दृष्ट काढण्याआधी दवाखाना. काजळ, मध, एरंडेल, हळदीच्या पाण्याचं फडकं, यांतलं काहीही बाळाच्या डोळ्यात नको. आपली सांगली हळदीची असली तरी.

ऊन, धूळ आणि ऊस यांचं वेगळं प्रकरण आहे. खाज येणारे लाल डोळे इकडे उन्हाळ्यात घरोघरी असतात. मुलं मुठीने डोळे चोळतात, आणि वर्षानुवर्षं चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. थंड पाण्याची घडी ठेवा, डॉक्टरांचे थेंब वापरा. मेडिकलमधून एकदा आणलेले स्टिरॉइडचे थेंब ‘याला लगेच बरं वाटतं’ म्हणून दरवर्षी परत आणू नका. त्यांनी खाज खरंच थांबते आणि काही मुलांत डोळ्याचा दाबही वाढत जातो, न दुखता. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. फडात खेळताना ते डोळ्याला लागलं तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि काही दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. तिथेही स्टिरॉइडचे थेंब घातक. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा डबी दाबली की उडून डोळ्यात जाते, आणि चुना ॲसिडपेक्षा आत शिरतो. तेव्हा डॉक्टरांकडे धावण्याआधी, जिथे असाल तिथे, हंड्यातल्या किंवा नळाच्या स्वच्छ पाण्याने अर्धा तास डोळा धुवा. पापणी उलटून अडकलेले कण ओल्या कापसाने काढा. त्या अर्ध्या तासावर नजर ठरते.

शहरात, सांगलीच्या विश्रामबागला काय किंवा सातारच्या सदरबझारात काय, दुसरीच चिंता असते: ऋण नंबर लवकर लागतो आणि वाढत जातो. डोळ्याचा गोळा लांबीने वाढतो, एक मिलिमीटर जास्त वाढला की नंबर अडीच-तीनने चढतो, आणि वाढलेला गोळा मागे येत नाही. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे दिवसाचा उजेड. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या दिवशी रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर घालवलेल्या मुलांत तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना ऋण नंबर लागला, बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. उजेड लक्समध्ये मोजतात. वर्गात साधारण तीन-पाचशे लक्स उजेड असतो, अंगणात दहा हजारांच्या वर. रोज दोन तास बाहेर खेळू द्या, झाडाच्या सावलीतही चालेल. मोबाइल दोन वर्षांच्या आत नको, पाचपर्यंत दिवसाला तासाच्या आत. पुस्तकही हातभर लांब धरायला शिकवा.

आणि मग ती मुलं, ज्यांना शाळेचा तक्ता भेटतच नाही. दिवाळीनंतर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडहून, आणि आपल्याच जत-आटपाडीकडूनही, ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटेच्या अंधारात दोघं फडात जातात आणि मूल कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, मोठ्या बहिणीकडे असतं. गावी पथक आलं तेव्हा हे मूल इथे, आणि इथे पथक आलं तेव्हा हे कुठल्याच पटावर नाही. जीवनसत्त्व अ चा डोस नवव्या महिन्यात एक लाख युनिट, म्हणजे बाटलीबरोबरच्या चमच्याची अर्ध्याची खूण, आणि पुढे दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, म्हणजे पूर्ण चमचा. असे एकूण नऊ. स्थलांतरात दोन-तीन सहज चुकतात. दिवेलागणीला मूल अडखळत असेल, कोपीत शिरताना चाचपडत असेल, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कानाकडच्या बाजूला, फेसासारखा करडा डाग दिसत असेल, तर डोस आजच, प्राथमिक आरोग्य केंद्रात. शेवग्याचा पाला बांधावर फुकट मिळतो. तेलाच्या फोडणीत परतला तर त्यातला अ अंगी लागतो.

साखरशाळेत, म्हणजे कारखान्यावरच्या हंगामी शाळेत, किंवा टोळीच्या अड्ड्यावर तपासणी झाली तर तिचा कागद मुलाबरोबर जायला हवा. उजव्या डोळ्याला किती, डाव्याला किती, चष्म्याचा नंबर, पट्टी किती तास, पुढची तारीख, हे सगळं मराठीत, सुवाच्य अक्षरात एकाच कागदावर लिहून लसीकरणाच्या कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घाला आणि एक फोटो मुकादमाच्या फोनवर ठेवा. एप्रिलच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, गाड्या एका रात्रीत भरून निघतात, आणि पट्टीचा तिसरा महिना बीडच्या एखाद्या तांड्यावर सुरू करायचा असतो.